जामदारखान्याच्या किल्ल्या

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जून २०१७ च्या अखेरीस एक विलक्षण खोळंबा झाला. याऱ्या शाबूत होत्या, कामगार हजर होते, बाहेर रस्त्यावर मालमोटारींची रांग लागलेली होती; परंतु कोणती पेटी कोठे ठेवली आहे आणि ती कोणत्या जहाजावर चढवावयाची आहे, हे सांगणारे संगणकच मुके झाले होते. ज्या धक्क्यावर हा प्रकार घडला तो डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे चालविण्यास होता, आणि त्या दिवशी याच समूहाच्या जगभरच्या अनेक धक्क्यांवर हीच अवकळा पसरली होती. काम जमेल तसे हातानेच रेटावे लागले.

या अनर्थाचे मूळ युक्रेनमध्ये होते. तेथे हिशेब ठेवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम २७ जून रोजी सुटला आणि पाहता पाहता मर्स्कच्या कचेऱ्यांतून फिरला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये समूहाच्या अध्यक्षांनी सांगितले की, ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. इतक्या झपाट्याने पसरावयास त्या प्रोग्रामला दोन वाटा सापडल्या होत्या. एक वाट विंडोजमधील एका उणिवेची. ती बुजविण्याचा उपाय मार्च २०१७ पासूनच उपलब्ध होता. दुसरी वाट मात्र उणिवेची नव्हेच. ज्या संगणकात तो शिरे, त्याच्या स्मृतीत कोणाच्या किल्ल्या पडून राहिल्या आहेत हे तो हुडकी आणि त्याच किल्ल्यांनी शेजारचे दार उघडी. तेथे कुलूप फोडण्याचा प्रश्नच नव्हता. किल्ली खरी होती. ती भलत्या ठिकाणी पडलेली होती, इतकेच.

या किल्ल्या म्हणजे काय, त्या ठेवल्या कोठे जातात आणि त्यांतल्या काही साऱ्या घराची गुरुकिल्ली कशा होऊन बसतात, हे कळण्यासाठी ‘डिरेक्टरी सर्व्हर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेकडे वळले पाहिजे. ज्या संस्थेत दहापाच संगणक आहेत तेथे प्रत्येक संगणकावर माणसांची नावे आणि त्यांचे परवलीचे शब्द वेगवेगळे ठेवता येतात. परंतु बँक, रेल्वे, विद्यापीठ किंवा मोठे रुग्णालय यांत हजारो माणसे आणि हजारो यंत्रे असतात. तेथे एकच मध्यवर्ती वही लागते. त्या वहीत कोण माणूस कोणत्या शाखेत आहे, त्याचा पासवर्ड कोणता (अर्थात तो उघड शब्दांत न लिहिता गणिती रूपांतर करून), आणि तो कोणकोणत्या गटांचा सभासद आहे, हे सारे नोंदलेले असते. हजेरीपट, दूरध्वनीची यादी आणि परवान्यांचे दप्तर ही तिन्ही एका बासनात बांधावीत, तशी ही डिरेक्टरी असते. तिच्याशी बोलण्याची सुटसुटीत रीत अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तयार झाली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला एलडॅप म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००० साली विंडोजबरोबर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आणली आणि आज जगातील बहुतेक मोठ्या कचेऱ्यांचे दरवाजे तिच्याच साक्षीने उघडतात. ही वही ज्या यंत्रावर राहते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. आणि एक यंत्र बंद पडले तर खोळंबा होऊ नये म्हणून वहीच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवून त्या सतत एकमेकींशी जुळविल्या जातात.

सकाळी कारकुनाने आपले नाव व पासवर्ड टंकला, की डोमेन कंट्रोलर त्याची ओळख पटवून घेतो आणि त्याला एक तिकीट देतो. हे तिकीट सामान्यतः दहा तास चालते. दिवसभर कोणत्याही फाईलीकडे, मुद्रणयंत्राकडे वा टपालपेटीकडे जावयाचे झाले की ते तिकीट दाखवून त्या त्या खात्यापुरती चिठ्ठी मिळवावयाची. पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. केर्बेरॉस नावाची ही पद्धत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील, १९८३ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पातून जन्मली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरील तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव तिला दिलेले आहे.

आता या वहीत सर्वच नावे सारखी नसतात. बहुतेक नावे साध्या माणसांची. त्यांना आपल्यापुरते पाहता-लिहिता येते. परंतु वही कोणी तरी लिहिली पाहिजे, नवीन नाव घातले पाहिजे, गेलेल्याचे काढले पाहिजे. म्हणून काही खात्यांना विशेषाधिकार द्यावे लागतात. विंडोजच्या डिरेक्टरीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचे खाते जन्मापासूनच असते. कित्येक संस्था मोठ्या हुशारीने त्याचे नाव बदलून ठेवतात. या हुशारीचा उपयोग थोडाच, कारण प्रत्येक खात्याला नावाखेरीज एक क्रमांकही असतो आणि या खात्याच्या क्रमांकाचा शेवट नेहमी ५०० या आकड्याने होतो. वेष पालटलेला राजा पायातील तोड्यावरून ओळखू यावा, तसाच हा प्रकार.

विंडोजच्या बाहेरही हीच कथा आहे. ओपन-एलडॅप या डिरेक्टरीत ‘रूट डीएन’ आणि ३८९ नावाच्या डिरेक्टरी सर्व्हरमध्ये ‘डिरेक्टरी मॅनेजर’ हे सर्वाधिकारी असतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की, कोणाला काय पाहता यावे यासंबंधी कितीही बारकाईने नियम केले तरी ते नियम यांना लागूच होत नाहीत. तपासणी होऊन त्यांना आत सोडले जाते असे नव्हे. त्यांची तपासणीच होत नाही. असे असूनही, एखाद्या ग्रंथालयाच्या वा पगारपत्रकाच्या प्रणालीला डिरेक्टरी वाचावयाची असली म्हणजे घाईत तिला याच सर्वाधिकाऱ्याचे नाव आणि पासवर्ड देऊन मोकळे होण्याची वाईट सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. पगारपत्रकाला केवळ कर्मचाऱ्यांची नावे आणि शाखा वाचावयाच्या असतात. त्यासाठी तेवढेच वाचू शकणारे वेगळे खाते पाच मिनिटांत निर्माण करता येते. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात स्वच्छ मांडलेले आहे. ते मान्य नाही असे कोणी म्हणत नाही, आणि ते पाळणारे मात्र विरळा.

विशेषाधिकार नेहमी भारदस्त नावानेच येतात असे नाही, ही गोष्ट अधिक धोक्याची आहे. ‘डोमेन ॲडमिन्स’ म्हटले की कोणीही सावध होतो. पण ‘बॅकअप ऑपरेटर्स’ या गटाकडे कोण लक्ष देणार? तो बिचारा रात्री नकला काढून ठेवणारा कारकून! तथापि नक्कल काढावयाची म्हणजे प्रत्येक फाईल वाचता आली पाहिजे. आणि डोमेन कंट्रोलरवरची प्रत्येक फाईल ज्याला वाचता येते त्याला ती मूळ वहीच उचलून नेता येते. ‘प्रिंट ऑपरेटर्स’ या निरुपद्रवी नावाच्या गटालाही डोमेन कंट्रोलरवर यंत्रांचे ड्रायव्हर चढविण्याचा हक्क मिळालेला असतो, आणि ड्रायव्हर हा यंत्राच्या अगदी गाभाऱ्यात बसणारा असतो. त्यात आणखी गटांत गट घालण्याची सोय आहे. एका गटात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, असे करता करता प्रमुख अधिकाऱ्याला वाटत असते की सर्वाधिकार चार माणसांकडे आहेत. आणि घड्या उलगडून मोजणी केली म्हणजे तो आकडा भलताच वाढलेला दिसतो. त्यात दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेलेही असतात.

या संरक्षित गटांसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एक चमत्कारिक पहारेकरी नेमलेला आहे. दर ६० मिनिटांनी तो प्रत्येक विशेषाधिकारी खात्यावर कोणाकोणाचे हक्क आहेत ते एका नमुन्याशी ताडून पाहतो आणि फरक आढळल्यास नमुन्याप्रमाणे पूर्ववत करतो. एखाद्याने गुपचूप वरिष्ठाच्या खात्यावर आपला हक्क चढविला तरी तासाभरात तो पुसला जातो. ही सोय उत्तम. परंतु तिचे दोन कंगोरे ध्यानात ठेवावे लागतात. ज्याच्या हाती तो नमुनाच लागला, त्याचे काम हा पहारेकरी स्वतः तासातासाला इमानाने करून देतो. आणि दुसरे असे की, माणसाला गटातून काढले तरी पहारेकऱ्याने त्याच्या खात्यावर उठविलेली खूण आपोआप जात नाही. मग एखादा साधा झालेला माणूस पासवर्ड विसरतो, मदतकक्षातील मुलगा तो बदलावयास जातो, तर यंत्र नकार देते. आणि दोघेही डोके खाजवीत बसतात. ती खूण हाताने काढावी लागते.

मर्स्कसारख्या संस्थांत किल्ल्या भलत्या जागी पडून राहतात त्या कशा? कारकुनाचा संगणक अडतो. तो मदत मागतो. येणारा तज्ज्ञ डोमेन ॲडमिन असतो. तो कारकुनाच्याच यंत्रावर बसून आपले सर्वाधिकारी नाव व पासवर्ड टंकतो, दोन मिनिटांत दुरुस्ती करतो आणि निघून जातो. परंतु वारंवार पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून यंत्राने त्याच्या ओळखीचा अर्क आपल्या स्मृतीत ठेवलेला असतो. त्या यंत्रात आधीच कोणी चोर दबा धरून बसलेला असला आणि त्या यंत्रापुरते अधिकार त्याने मिळविलेले असले, तर तो अर्क त्याला वेचून घेता येतो. बेंजामिन डेल्पी या फ्रेंच तंत्रज्ञाने ही दुर्बलता लोकांच्या डोळ्यांत भरावी म्हणून २०११ मध्ये ‘मिमिकॅट्झ’ हे साधन प्रसिद्ध केले. नॉटपेट्याच्या कर्त्यांनी त्याच धर्तीची युक्ती आपल्या प्रोग्रामात गुंफली होती.

म्हणून पहिला नियम असा की, मोठी किल्ली लहान घरात नेऊ नये. डोमेन कंट्रोलर हा सर्वांत वरचा मजला. संस्थेचे इतर सर्व्हर मधला. आणि कर्मचाऱ्यांच्या मेजांवरील संगणक खालचा. वरच्या मजल्याच्या खात्याने खालच्या मजल्यावर कधीही प्रवेश करू नये, आणि तसा प्रवेश यंत्रानेच नाकारावा, अशी व्यवस्था करता येते. याचा अर्थ एकाच तज्ज्ञाला तीन खाती बाळगावी लागतात: टपाल वाचण्यासाठी साधे, सर्व्हर सांभाळण्यासाठी दुसरे, आणि वहीत लिहिण्यासाठी तिसरे. हे तिसरे खाते ज्या संगणकावरून वापरावयाचे त्यावर पत्रे उघडू नयेत, जाळ्यावर भटकू नये. तज्ज्ञमंडळी याला कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर अगदीच अनाठायी असते असेही नाही. कारण कामाच्या गर्दीत तीनदा वेष बदलणे कोणाला आवडेल? परंतु सोवळे नेसलेल्या माणसाने बाजारातून भाजी आणू नये, एवढे तरी त्यांना पटावे.

खालच्या मजल्याचेही एक दुखणे होते. पाचशे संगणक एकाच साच्यातून तयार केले म्हणजे प्रत्येकाच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकच राही. एक घर फुटले की पाचशे फुटली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली लॅप्स हे साधन दिले. ते प्रत्येक यंत्राला निराळा पासवर्ड देते, ठराविक दिवसांनी बदलते आणि डिरेक्टरीतच जपून ठेवते.

सर्वांत दुर्लक्षित वस्ती म्हणजे सेवा-खात्यांची. ही खाती माणसांची नसून प्रोग्रामांची असतात. रात्री दोन वाजता हिशेब जुळविणारा प्रोग्राम कोणाच्या तरी नावाने आत शिरला पाहिजे, म्हणून एक खाते काढले जाते. काढणारा घाईत असतो. काम अडू नये म्हणून तो त्याला हवे त्याहून अधिक अधिकार देतो आणि ‘पासवर्ड कधीही बदलू नये’ या चौकटीत खूण करतो. पुढे तो माणूस बदलून जातो. खाते राहते. त्याचा पासवर्ड बदलण्याची कोणाची छाती होत नाही, कारण तो आणखी कोठे कोठे लिहून ठेवलेला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. बदलावा आणि पहिल्या तारखेला पगार अडावा! २०१४ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले की, डिरेक्टरीतील कोणताही साधा सभासद अशा सेवेसाठी चिठ्ठी मागू शकतो, आणि त्या चिठ्ठीचा एक भाग सेवा-खात्याच्या पासवर्डापासून बनविलेल्या किल्लीने बंद केलेला असतो. ती चिठ्ठी घरी न्यावी आणि लक्षावधी शब्द लावून पाहावेत. डोमेन कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा आठ अक्षरी पासवर्ड या माऱ्यापुढे किती टिकणार! यावर खरा उपाय म्हणजे पासवर्ड माणसाच्या हाती ठेवूच नये. विंडोज सर्व्हर २०१२ पासून तशी व्यवस्था आहे: डिरेक्टरी स्वतःच २४० बाइटांचा पासवर्ड तयार करते, ३० दिवसांनी बदलते आणि ठरवून दिलेल्या यंत्रांखेरीज कोणालाही तो सांगत नाही. ज्या जुन्या प्रणालींना ही रीत उमगत नाही त्यांच्या खात्यांसाठी निदान एक लेखी नोंद असावी: हे खाते कशासाठी, कोणाच्या जबाबदारीवर, कोणत्या यंत्रावर.

एक खाते तर असे आहे की, त्याच्या नावाने कोणी कधी आत शिरतच नाही. त्याचे नाव के-आर-बी-टी-जी-टी. ते कायम बंद असते, पुसता येत नाही, आणि यादीत पाहणारा नवशिका ते कोणाचे तरी राहून गेलेले खाते समजतो. वर ज्या तिकिटांचा उल्लेख आला, त्यांवर शिक्का बसतो तो याच खात्याच्या किल्लीचा. ती किल्ली ज्याच्या हाती पडली तो वाटेल त्या नावाचे, दहा दहा वर्षे मुदतीचे तिकीट घरबसल्या छापू शकतो. सोनेरी तिकीट असे त्याला नावच पडले आहे. डोमेन स्थापन झाले तेव्हापासून या खात्याचा पासवर्ड बदललाच नाही, असे कित्येक ठिकाणी आढळते. तो बदलावयाचा तर दोनदा बदलावा लागतो, कारण डिरेक्टरी नव्या किल्लीबरोबर तिच्या आधीचीही एक किल्ली मान्य करते; चोरीस गेलेली किल्ली पुरती बाद होते ती दुसऱ्या बदलानंतर. मात्र दोन बदलांमध्ये निदान तिकिटाच्या दहा तासांचे अंतर ठेवावे आणि पहिला बदल सर्व प्रतींत पोहोचला आहे याची खात्री करावी. अन्यथा चोराबरोबर साव कर्मचाऱ्यांची तिकिटेही निकालात निघून कचेरी ठप्प होते.

सर्वाधिकार कायमचा कोणाच्याही अंगावर असू नये, हा विचारही अलीकडे रुजत आहे. विंडोज सर्व्हर २०१६ पासून एखाद्याला दोन तासांपुरतेच गटाचे सभासद करता येते. मुदत संपली की सभासदत्व आपोआप गळते आणि तिकीटही तेवढ्याच वेळेचे मिळते. कोणी, केव्हा, कशासाठी अधिकार घेतला याची नोंद दुसऱ्या यंत्रावर जावी, म्हणजे घेणाऱ्याला ती पुसता येणार नाही. भारतात तर एप्रिल २०२२ च्या शासकीय निर्देशांप्रमाणे अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले आहे.

तरीही अडीअडचणीसाठी एक सर्वाधिकारी खाते बाजूला ठेवावेच लागते. त्याचा पासवर्ड दोन तुकड्यांत, दोन मोहोरबंद पाकिटांत, दोन निराळ्या अधिकाऱ्यांकडे. यात नवीन काही नाही. जिल्हा कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलपे असत आणि किल्ल्या दोघांकडे. आणि त्याहून मागे गेले तर सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या गडांची जी व्यवस्था वर्णिलेली आहे, तीत हवालदार, सबनीस आणि सरनोबत या तिघांचा दर्जा सारखा ठेवून कारभार तिघांनी मिळून करावयाचा असे. एकट्याने फितूर होऊन गड देण्याची सोयच ठेवलेली नव्हती. पाकिटे मात्र वर्षातून दोनदा उघडून पासवर्ड चालतो की नाही ते पाहावे, आणि चालल्यावर नवा घालून पुन्हा मोहोर करावी.

मर्स्कमध्ये पाकिटे उघडून भागणार नव्हते, कारण वहीच उरली नव्हती. सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती सांभाळीत होते, तेव्हा निराळी नक्कल कशाला, असे वाटणे स्वाभाविक होते. आणि त्या साऱ्या एकाच फेऱ्यात पुसल्या गेल्या. अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने २०१८ मध्ये लिहिले आहे की, एकच प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्यापूर्वी तेथे वीज गेल्यामुळे ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. घानातील कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा तेथील एकाने ती तबकडी नायजेरियातील विमानतळावर नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन इंग्लंडला गेला.

याउलट, सारे काही शाबूत असूनही एका माणसाने किल्ल्या न दिल्यामुळे काय होते, ते सॅन फ्रान्सिस्को शहराने जुलै २००८ मध्ये पाहिले. तेथे प्रश्न डिरेक्टरीचा नसून नगरपालिकेच्या संगणकजाळ्याचा होता. ते जाळे उभारणाऱ्या अभियंत्याने वरिष्ठांशी बिनसल्यावर पासवर्ड सांगण्याचे नाकारले. त्याला अटक झाली, तरी तो बोलेना. अखेर महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात जाऊन त्याला भेटले, तेव्हा ते शब्द मिळाले. आपल्याकडील कचेऱ्यांत बदली झाली म्हणजे तिजोरी, शिक्के आणि कपाटे यांचा चार्ज द्यावयाची रीत आहे, आणि घेणारा प्रत्येक वस्तू मोजून सही करतो. त्याच कागदावर आता आणखी काही ओळी वाढविणे अगत्याचे झाले आहे: जाणाऱ्याची विशेषाधिकारी खाती किती आणि ती कोणत्या दिवशी बंद केली, कोणकोणत्या सेवा-खात्यांचे पासवर्ड त्याला ठाऊक होते आणि ते बदलले की नाही, पाकिटांपैकी एखादे त्याच्याकडे होते काय.